आठव्या चौकटीतली आई

१

तुम्ही एका मेलेल्या बाईवर आळ घेतलात आणि तो आळ काचेत बसवून सेहेचाळीस वर्षं भिंतीवर टांगून ठेवलात. निराधारांचे निवारे चालवणाऱ्या तुमच्या खात्याच्या मोठ्या खुर्चीत आज कोण बसतं ते मला ठाऊक नाही. माणसं बदलली, खुर्ची तीच आहे. म्हणून खुर्चीलाच लिहिते.

फोटो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तुमच्या प्रदर्शनाच्या दालनात आहे, खात्याच्या पुस्तिकेवर आहे. निवाऱ्याच्या दगडी पायरीवर एक बाई बसली आहे. वय पंचवीस, दिसते चाळिशीची. झग्याला खांद्यावर ठिगळ. शेजारी सहा वर्षांची पोरगी, अनवाणी. बाईची मांडी रिकामी, दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले, आणि नजर भलतीकडेच, फोटोच्या बाहेर डावीकडे. खाली तुमची ओळ : ‘निर्विकार. गरिबीने आईपणही संपवले. त्याच दिवशी पहाटे हिने आठ महिन्यांचा मुलगा फाटकाशी सोडून दिला.’

त्यातली पोरगी आज बावन्न वर्षांची आहे. दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुते आणि माझ्यापासून तीन दारं सोडून राहते. गेल्याच महिन्यात तिला तुमचं पत्र आलं : दालन नव्याने उघडतोय, समारंभाला फोटोशेजारी उभ्या राहा. तिने उलट कळवलं, उभी राहते, पण आधी आईची फाइल दाखवा. आईने माझा भाऊ का टाकला ते मला वाचायचंय.

आठ दिवसांत तुमचं उत्तर आलं. फाइल वाळवीने खाल्ली.

“कपाट लोखंडी आहे, मावशी,” माझ्या दारात उभी राहून ती म्हणाली. “मी स्वतः बघून आले. लोखंड खाणारी वाळवी म्हणजे खात्यातलीच असणार.”

ती माझ्याकडे का आली ते सांगते. माझी शाळा चौथीतच सुटली. पण त्यानंतर फोटोच्या कारखान्यात बावीस वर्षं मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. त्यावर ओरखडा असेल, धुतल्यावर सुकलेल्या पाण्याचा डाग असेल, तर पेन्सिलीने तो इतका बारीक भरायचा की कागदावर छापल्यावर कुणाला पत्ता लागू नये. आम्ही सात जणी होतो. मी एकटी डावरी, म्हणून माझी खुर्ची भिंतीकडे, नाहीतर शेजारणीला कोपर लागायचं. गल्लीत मला पेन्सिलमावशीच म्हणतात. खात्याचे सगळे फोटो आमच्याच कारखान्यात छापून होत.

ती बसली. पुस्तिका माझ्यासमोर ठेवली.

“हिला मी जन्मभर शिव्या दिल्या, मावशी. तो फोटो घेतला त्याच हिवाळ्यात ही निवाऱ्यात मेली, तेव्हासुद्धा मी रडले नाही. माझा मुलगा झाला तेव्हा मी म्हटलं, ही बाई माझी कुणी नाही. आता एकच सांगा. तुम्हाला फोटोतलं वाचता येतं ना? ही खरंच निर्विकार होती का?”

मी भिंग लावलं. आधी चेहरा पाहिला, मग हात, मग पोरीकडे वळले. आणि तिथेच थांबले.

“अगं, आई बघतेय तिकडेच तूही बघतेयस.”

“हो का?”

“दोघीही. एकाच जागी. काय होतं तिकडे?”

तिने डोळे मिटले.

“आठवत नाही,” ती म्हणाली. “‘हलू नका’ असं कुणीतरी ओरडलेलं तेवढं आठवतं.”

२

दप्तरखान्यातल्या काकांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. अशा माणसाला सत्य सांगायचंही नसतं आणि खोटं बोलायचा कंटाळाही आलेला असतो.

“नाही म्हणजे नाही,” ते म्हणाले. “फाइल गेली. वाळवी.”

“काका, शेजारच्या फायली कशा वाचल्या?” तिने विचारलं. “वाळवीला काय माझ्याच आईची चव लागली होती?”

“ताई, माझ्यावर का चिडता? मी काय खाल्लीय?”

“तुम्ही ती वाचली होती का कधी?” मी विचारलं.

“जुन्या फायलींची यादी केली तेव्हा चाळली होती. साधीच नोंद होती. बाईने मूल पहाटे फाटकाशी सोडलं. सकाळी आठच्या गाडीने मूल पुढे रवाना. खाली निवाऱ्याच्या मोठ्या बाईंची सही.”

“पुढे म्हणजे कुणाकडे?”

“ते पुढच्या पानावर.” काकांनी चष्मा पुसायला घेतला. “आणि उगाच माझ्या डोक्यावर खापर फोडू नका. वाळवीने खाल्लेली फाइल साहेबांनी वर मागवून घेतली असती का?”

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. चष्मा पुसणारा हात थांबला.

“कधी मागवली?” ती म्हणाली.

काका उठले. जावकवही उघडून टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेले. तिच्या अर्जाच्या दुसऱ्याच दिवशी ती फाइल वरच्या मजल्यावर गेली होती. परत आल्याची नोंद नव्हती.

म्हणजे फाइल तुमच्याकडे आहे, खुर्चीवाले. अजूनही आहे असं मी धरून चालते.

३

निवाऱ्याच्या मोठ्या बाई आता ऐंशीच्या घरात आहेत. स्वच्छ घर, खिडकीत कुंड्या, कपाटात तुमच्या खात्याची तीन मानचिन्हं. तिला पाहून त्या तोंड भरून हसल्या.

“किती मोठी झालीस! आमच्या निवाऱ्यातल्या भाकरीवर वाढलेली पोर तू. उपकार काढत नाही हं मी.”

“काढलेत की,” ती म्हणाली.

मी मध्ये पडले. त्या दिवसाचं विचारलं. बाईंनी पाठ केल्यासारखं सांगितलं. पहाटे फाटकाशी मूल सापडलं. रडून रडून निळं पडलं होतं. आठला गाडी आली, मूल गेलं. फोटोवाले आले ते अकरा वाजल्यानंतर.

“आई काही बोलली?” तिने विचारलं.

“हूं की चूं नाही. दगड होती ती, बाळा. तुला वाईट वाटेल, पण होती.”

“निवाऱ्यात इतर तान्ही मुलंही असतील,” मी म्हटलं. “घोटाळा नसेल ना झाला? दुसरीचं मूल, हिच्या नावावर?”

बाई दुखावल्या. कामात खोट काढलेली त्यांना खपत नसावी. “मुळीच नाही! तान्ही मुलं आम्ही ठेवतच नव्हतो. नियमच होता तसा. त्या वर्षी अख्ख्या निवाऱ्यात तान्हं होतं ते हेच एक, तेही हिची नड पाहून मी घेतलेलं. घोटाळा कसला होतोय?”

निघताना ती पुढे गेली तेव्हा बाईंनी माझा दंड धरला. म्हातारीची पकड घट्ट होती.

“तुम्ही त्या फोटो कारखान्यातल्या ना? डावरी पोरगी होती एक, भिंतीकडे बसायची. मी खात्यातर्फे फोटो न्यायला यायचे तेव्हा पाहिलंय तुम्हाला. मग जपून. ज्याला हात लावलाय ते उकरू नये.”

मी जिना उतरले. मी कशाला हात लावला होता?

४

फोटोवाल्यांकडे गेलो तेव्हा त्यांच्या सुनेने दार उघडलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, “बाबा, तुमची पायरीवरची पोरगी आलीय! उठा, आज तरी दाढी करायची होती.”

म्हातारा खुर्चीचा आधार घेऊन उभाच राहिला. तिच्याकडे बघत राहिला. बसा म्हणायचंही त्याला सुचलं नाही.

“निगेटिव्ह खात्याने नेल्या,” शेवटी तो म्हणाला. “सगळ्या. मी नोकर माणूस.”

“काहीच ठेवलं नाहीत?”

त्याने औषधांच्या डब्याखालून एक पाकीट काढलं. आत कागदाची एक पट्टी, तीन चौकटी, प्रत्येक चौकट आगपेटीएवढी. निगेटिव्ह धुऊन झाली की कसलीही दुरुस्ती करण्याआधी कागदावर ठेवून एक छाप काढायची पद्धत असते, कुठली चौकट मोठी करायची ते ठरवायला. त्यातला हा तुकडा. बारा चौकटींपैकी सातवी, आठवी, नववी. प्रसिद्ध झाली ती आठवी.

“किती वाजले होते?” मी विचारलं.

“बारा. दाराच्या छपराची सावली बघा ना, पायरीवर बोटभरच आहे. तेवढ्या उन्हात मी कधी फोटो काढत नाही. पण निवाऱ्याच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आत्ताच काढा.” त्याने ओठ चाटले. “सातव्या चौकटीपर्यंत ती नुसती दमलेली बाई होती. अशा मी शंभर काढल्या होत्या. आठव्यात तो चेहरा आला. मी सकाळपासून ज्याची वाट बघत होतो तो.”

“आठव्यात काय झालं?” तिने विचारलं.

“मला नाही माहीत.”

“तुम्ही तिच्यासमोर होतात.”

“माहीत नाही म्हटलं ना!” तो ओरडला, आणि आतून सून म्हणाली, “बाबा, रक्तदाब.”

मी पट्टीवर भिंग धरलं होतं. सातवी चौकट : बाई समोर बघतेय, पोरगी पायाच्या अंगठ्याशी खेळतेय, सावली बोटभर. आठवी : सावली तेवढीच, पण दोघींची मान डावीकडे वळलेली. आणि बाईच्या झग्यावर, छातीशी, दोन गोल डाग. सातवीत झगा कोरडा होता. नववीत डाग खाली ओघळून एक झाले होते.

मी पुस्तिका उघडली. तोच फोटो, तीच आठवी चौकट. झगा स्वच्छ. डागांचा मागमूस नाही.

“हे कुणी पुसलं?” ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडून मागून घेतलेली पट्टी घेऊन आम्ही तुमच्या दालनात आलो. समारंभाआधीची रंगरंगोटी चालली होती, कुणी अडवलं नाही. फोटो माणसाएवढा मोठा करून लावलाय. एवढं मोठं केलं की बारीक काम लपत नाही.

मी अगदी जवळ गेले, नाक काचेला लागेल इतकी. झग्यावर छातीशी पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या, केसाएवढ्या बारीक, शेकड्यांनी. काम सुरेख होतं. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, अक्षर असतं तसा. उजव्या हाताच्या रेघा एका बाजूला कलतात. या दुसऱ्या बाजूला कललेल्या होत्या.

सात जणींत डावरी मी एकटी.

मी खाली फरशीवर बसले. रंगारी म्हणाला, आजी, ओला रंग आहे. मी म्हटलं, असू दे.

“काय झालं, मावशी?”

“मी पुसलं,” मी म्हणाले. “हा माझा हात आहे. मला आठवतसुद्धा नाही गं. दिवसाला साठ निगेटिव्ह यायच्या. निगेटिव्हमध्ये ओला कपडा उजळ दिसतो. दोन गोल उजळ ठिपके. मला वाटलं असणार, धुतल्यावर नीट पुसली नाही, पाण्याचे थेंब सुकून डाग पडलेत. आमच्यातली कुणीही तेच समजली असती. भरले, आणि पुढची घेतली. पाण्याचे डाग होते, त्यात...”

तिने माझ्या हातातली पट्टी आणि भिंग घेतलं. खिडकीपाशी गेली. माणसं तिच्या भोवतीने शिडी नेत होती, ती हलली नाही. मग तिचा एक हात आपोआप स्वतःच्या छातीशी गेला.

“मावशी, तुम्हाला मूल नाही.”

“नाही.”

“म्हणून. हे पाणी नाही.” तिचा आवाज इतका हळू होता की मला उठून जवळ जावं लागलं. “माझा मुलगा तान्हा होता तेव्हा दुसऱ्या खोलीत रडला तरी माझा झगा भिजायचा. मी तिथे पोचायच्या आधी. थांबवता येत नाही ते. हे दूध आहे, मावशी.”

मग आम्ही दोघींनी, तुमच्या ओल्या भिंतीशी उभं राहून, एक एक करून सगळं लावलं.

कुणी म्हणेल, अंगावर पाजणाऱ्या बाईला कधीही दूध सुटतं. सुटतं. पण सातव्या आणि आठव्या चौकटीत सावली सुतानेही सरकलेली नाही, आणि तेवढ्या वेळात झगा भिजला आणि दोन माना एकदम वळल्या. सहा वर्षांच्या पोरीला दूध सुटत नाही. तिने काहीतरी ऐकलं. आईने तेच ऐकलं. रडणं ऐकलं. आणि अख्ख्या निवाऱ्यात तान्हं मूल एकच होतं, हे मोठ्या बाईंनी आम्हाला तोऱ्यात सांगितलं होतं. तेव्हा बारा वाजले होते. नोंदीत ते मूल आठलाच रवाना झालं होतं.

जे मूल आठला गेलं, ते बाराला हाकेच्या अंतरावर कसं रडत होतं?

आईने ते मूल पहाटे टाकलं नव्हतं. तिला ऐकू येत असताना ते नेलं जात होतं.

“निर्विकार,” ती म्हणाली. तुमची ओळ तिने बोटाने एकदा वाचली, धुलाईखान्यात कापडावरचा नंबर वाचतात तशी. मग ती भिंतीला टेकून रडली. सेहेचाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या आईसाठी पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण तोच हात होता, डावा. मी तो मागे घेतला.

६

फोटोवाल्याने या वेळी लपवलं नाही. ती आत आली, पट्टी त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, “काका, हे दूध आहे.” तो मोडला.

“बाळ मांडीवर होतं,” तो म्हणाला. “हातपाय हलवायचं, फोटो पुसट यायचा. मोठ्या बाई म्हणाल्या, द्या इकडे, होईपर्यंत मी धरते. तुझ्या आईने दिलं. हसून दिलं गं. मागच्या अंगणात गाडी उभी होती, मला दिसली होती. मी म्हटलं, असेल कुणा साहेबाची. मग बाळ रडायला लागलं. ती उठायला लागली.”

“आणि?”

“मी ओरडलो. हलू नका. फोटो झाला की बाळ मिळेल.”

“ती बसली?”

“बसली. माझ्यावर विश्वास ठेवून बसली. आणि तिचा चेहरा... मी बटण दाबलं. मला वाटलं, बाळाला भूक लागली असेल. देवाशपथ तेवढंच वाटलं. नववी घेतली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती धावली. दहाव्या चौकटीत फक्त तू आहेस.”

“मला का नाही आठवत?” ती त्याला विचारत नव्हती.

सुनेने दारातून सगळं ऐकलं होतं. ती आत आली, सासऱ्याच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला आणि तिला दिला.

“पहिल्या सहा चौकटींत बाळ आहे,” म्हातारा म्हणाला. “थोडं पुसट, पण तोंड दिसतं. त्या पट्ट्या खात्याकडे आहेत.”

मोठ्या बाईंना मी फोन केला. त्यांनी आधी कानावर हात ठेवले. मग दुधाचं सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला, कोरडा झाला. “चांगल्या घरी गेलं ते. तिच्यापाशी मेलं असतं. मला वरून सांगितलं होतं, घर ठरलंय, मूल पाठवा. आईच्या सहीवाचून पाठवता येत नव्हतं, म्हणून टाकून दिल्याची नोंद केली. तुम्ही आता मला फासावर चढवणार का?”

“कुणाच्या घरी गेलं?”

“फाइलमध्ये आहे,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खुर्चीवाले, गुन्हेगार शोधायला आता काही उरलं नाही. एकाने ओरडून बसवलं, एकीने मांडीवरून उचललं, आणि तिच्या अंगावर उरलेला एकुलता एक पुरावा मी पेन्सिलीने भरून टाकला. आम्ही तिघं म्हातारी आहोत, आमची नावं तुमच्या जुन्या कागदांत सापडतील, काय करायचं ते करा. मी फाइल वाचलेली नाही, पण तुम्ही वाचलीत. अर्ज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वर मागवून वाचलीत, सगळं कळलं, आणि वाळवीचं नाव पुढे केलंत. मोठ्या बाईंनी जे केलं ते सेहेचाळीस वर्षांपूर्वी. तुम्ही केलं ते गेल्याच महिन्यात.

काल ती माझ्याकडे आली. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, नको, बसा. “मला माफी नको कुणाची. तुमचीसुद्धा नको, मावशी. तुम्ही लिहा. मला जमणार नाही, माझा हात चादरींनी सुजलाय. आणि तुम्ही पुसलंय, तर तुम्हीच लिहा.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “तो आता सत्तेचाळिसाव्या वर्षात असेल. त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल, आईने तुला फाटकाशी टाकलं म्हणून. तोही तिला शिव्या देत असेल. मी थांबले. त्याला कोण थांबवणार?”

तुमच्या समारंभाला ती येणार आहे. फोटोशेजारी उभी राहणार आहे, तुम्ही सांगितलं होतं तशीच, आणि ‘हलू नका’ म्हटलंत तरी हलणार आहे. लोकांसमोर ती तुम्हाला जे विचारेल ते मी आधीच कळवते, म्हणजे उत्तर तयार ठेवायला वेळ मिळाला नाही असं म्हणू नका. पहिल्या सहा चौकटी कुठे आहेत? ते मूल कुणाच्या घरी दिलंत? तो जिवंत असेल तर आज कुठल्या नावाने राहतो, आणि त्याच्या आईने त्याला टाकलं नव्हतं, हे त्याला तुम्ही सांगणार की आम्ही येऊन सांगू?